गेममधलं फळ आणि ताटातलं फळ

गेम खेळून मुलं भाज्या-फळं खायला लागतात, असं मी घरात म्हटलं तर सासूबाई लगेच म्हणाल्या, "हो, आणि झोपून मॅरेथॉनही जिंकतात!" पण घरात चौदा वर्षांचा मुलगा आहे, आणि त्याच घरात मधुमेहापायी आजोबांच्या पायाचं बोट काढावं लागलंय. त्यामुळे नुसतं हसून सोडून देता येत नाही. आजोबांचं उदाहरण दिलं की चिरंजीव उठून आत जातात. भीती दाखवून या वयात काही होत नाही हो!

तर मंडळी, असे गेम खरंच आहेत. अमेरिकेत ह्यूस्टनला 'एस्केप फ्रॉम डायब' नावाचा गेम तयार झाला. डीजे नावाचा मुलगा मित्रांसकट डायब नावाच्या दुनियेत जाऊन पडतो आणि तिथल्या राजाचं नाव इटीज! (दोन्ही नावं जोडून वाचा.) मला आवडलं ते वेगळंच. खेळता खेळता मुलाने खऱ्या जेवणाबद्दल एखादं छोटं ध्येय ठरवायचं आणि पुढच्या वेळी ते जमलं का ते सांगायचं. १० ते १२ वर्षांच्या मुलांनी हा आणि 'नॅनोस्वॉर्म' असे दोन गेम खेळल्यावर काय झालं, ते २०११ साली प्रसिद्ध झालं. फळं-भाज्या दिवसाला साधारण दोन तृतीयांश सर्व्हिंगने वाढल्या. पाणी, व्यायाम, शरीरातली चरबी यांत मात्र फरक नाही. थोडकं यश, पण यश.

मग वाचला नेदरलँड्समधला २०१३ सालचा प्रयोग. ८ ते १० वर्षांची २७० मुलं. काहींच्या गेममध्ये गोळ्या-चॉकलेटची जाहिरात, काहींच्या फळांची, तर काहींच्या खेळण्यांची. नंतर समोर गोड खाऊही ठेवला आणि फळंही. फळांचा गेम खेळलेल्यांनी फळं जास्त खाल्ली का? नाही! गेममध्ये खाण्याचं काहीही दिसलेलं असो, मुलांनी एकूण जास्त खाल्लं, आणि त्यातही गोड खाऊच जास्त.

मला वाटतं, यातच सगळं आलं. पडद्यावरचं सफरचंद भूक चाळवतं, पण हात जातो तो जिभेच्या ओळखीच्या गोष्टीकडे. ह्यूस्टनच्या गेममध्ये निदान मुलगा स्वतः काहीतरी ठरवत होता. नुसतं फळाचं चित्र दाखवून ते होत नाही.

आमच्याकडे असा कुठला गेम नाही. चिरंजीव क्रिकेटचा गेम खेळतात आणि त्यातून उठले की भूक भूक करत स्वयंपाकघरात येतात. म्हणून ती वेळ मी धरते. फरसाणाचा डबा वरच्या फळीवर आणि ओट्यावर तिखटमीठ लावलेल्या पेरूच्या फोडी. कोल्ड्रिंकच्या जागी ताक, हे मात्र त्यानेच ठरवलं. कालनिर्णयवर स्वतः खुणा करतो. पंधरापैकी अकरा दिवस जमलंय.

"आई, चार दिवसांचं निगेटिव्ह मार्किंग नाही ना?" असं परवा विचारत होता.

नाही रे बाबा. पेरू संपव.