आईसोबत वेरूळला

नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी आम्ही तिघे भावंडे मुलाबाळांसह मुकुंदवाडीच्या घरी जमलो. लहानमोठी मिळून अकरा माणसे. आई रविवारी रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने धाकट्याबरोबर कल्याणला जाणार होती, ती कायमची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून एकटीने राहणे तिला जमेना. चाळीस वर्षांचा संसार आवरायचा आणि हातात दिवस फक्त दोन.

कामांची यादी केली. पेन्शनसाठी हयातीचा दाखला, नवा चष्मा, गॅसची कागदपत्रे, शेजारणींना जेवण. सगळे लिहून झाल्यावर आई म्हणाली, "अजून एक लिहा. मला वेरूळ दाखवा."

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादपासून वेरूळ अवघे तीस किलोमीटर. नागपूरचे पाहुणे आले, मुंबईचे आले, की त्यांना घेऊन आम्ही जायचो. डबा आईच भरून द्यायची. पहाटे चारला उठून तीस-चाळीस भाकरी थापायची आणि आम्ही निघालो की दारात उभी राहायची. गाडीत जागा नसायची, नाहीतर घरी कोणीतरी थांबायला हवे असायचे. "आई, तू येतेस का?" असे आमच्यापैकी एकानेही कधी विचारले नव्हते. शिकलेली, सभांमधून समतेवर बोलणारी आम्ही माणसे. त्या दिवशी मान वर करवेना.

शनिवारची धावपळ

शनिवारी नेमका नळाला पाणी यायचा दिवस. पाचलाच पिंप, बादल्या, हंडे दारात लागले. आई ओट्यावर बसून सूचना देत होती. "पिण्याचं आधी, सांडायचं नंतर." जाणारे माणूस पाणी भरून ठेवते ते कोणासाठी, हा प्रश्न मनात आला, पण विचारला नाही.

दहाला बँक. वडील पाटबंधारे खात्यात जायकवाडीच्या कामावर होते. त्यांच्या मागे आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्यासाठी दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. आता तो यंत्रावर बोट ठेवूनही देता येतो. आईने अंगठा ठेवला, यंत्राने नाकारला. तर्जनी ठेवली, तीही नाकारली. दहाही बोटे झाली. खिडकीतला तरुण म्हणाला, "ठसेच उमटत नाहीत. आजींच्या रेषा झिजल्यात."

आई शांतपणे म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडली बाबा. तिथंच गेल्या असतील."

१९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या हजारो बायकांनी रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडली आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्यातलीच ही एक. रांगेतले लोक वळून पाहू लागले. शेवटी कागदी अर्ज निघाला. "अंगठा इथे," असे तो तरुण म्हणेपर्यंत आईने पेन घेतले होते. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात गिरवलेली सही तिने अक्षर अक्षर करून पूर्ण केली. आम्ही तिघे मागे उभे होतो. त्या सहीला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ कोणीही घाई केली नाही.

परतताना रिक्षा नागसेनवनातून घ्यायला लावली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढचे मिलिंद. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली पहिली पिढी इथल्या वर्गांतून बाहेर पडली. आमचा थोरलाही इथलाच. त्या वर्षी फी भरायला आईने पायातल्या चांदीच्या वाळ्या मोडल्या होत्या. रिक्षातून ती इमारतीकडे बघत राहिली आणि एवढेच म्हणाली, "झाडं मोठी झाली."

मग औरंगपुऱ्यात चष्मा आणि गुलमंडीवर नातीला ड्रेस. संध्याकाळी गल्लीतल्या शेजारणी जेवायला. मटणाचा रस्सा, भाकरी, कांदा. अंगणात सतरंज्या टाकून एकच पंगत बसली. एका शेजारणीने आईचे शिलाई मशीन मागून घेतले. ते घरातून निघाले तेव्हा कोपरा एकदम मोकळा दिसू लागला.

भाकरी कोणी केल्या?

रविवारी पहाटे चारला सवयीने आई उठली, तर स्वयंपाकघरात दोन्ही भाऊ परातीसमोर. तिला बाहेर खुर्चीवर बसवले. भाकरी कुठे जाड, कुठे फाटलेल्या. जावयांनी ठेचा कुटला, सुनांनी वांग्याची भाजी केली. आई दारातून म्हणाली, "जिल्ह्याचे नकाशे काढलेत जणू." पण आत आली नाही.

भाड्याची मोठी गाडी केली होती. दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी चहाला थांबलो. सीताफळांचा हंगाम सरत आला होता, तरी टोपल्या मांडलेल्या होत्या. मुलांना आम्ही तिथेच ती हकीकत सांगितली. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत हा किल्ला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या त्या मंडळींनी प्रवेशद्वाराजवळच्या तळ्यावर हातपाय धुतले, तर तळे बाटले म्हणून तिथल्या मुसलमान लोकांचा जमाव शिव्या देत धावून आला. तुमचा धर्म हेच शिकवतो का, असे बाबासाहेबांनी विचारल्यावर ते गप्प झाले. किल्ला पाहू दिला, पण आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवले आहे. हिंदूंना अस्पृश्य असलेला माणूस इतरांनाही अस्पृश्य असतो, हे त्यांना दाखवायचे होते.

नातू हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे पाहत राहिला. टपरीवरच्या चाचांनी मात्र आईसाठी स्टूल पुसून दिले आणि चहाआधी पाण्याचा जग पुढे केला. आईने तांब्याने प्यावे तसे वरून पाणी ओतून घेतले. जुनी सवय. चाचा म्हणाले, "अम्मा, ग्लास है ना." मग तिने ग्लास घेतला.

पाचव्या लेण्यात

वेरूळला एकूण ३४ लेणी. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. सगळी गर्दी सोळाव्या लेण्यात, कैलासात. आम्ही उजवीकडे वळलो. आईला दोघांच्या आधाराने हळूहळू नेले. दहाव्या लेण्याला लोक सुतारझोपडी म्हणतात. आत स्तूपापुढे बसलेली बुद्धमूर्ती आणि वर दगडातच कोरलेले घराच्या वाशांसारखे वासे. आईने नवा चष्मा सावरून छताकडे पाहिले. "लाकूड कसं वाटतंय! एक वासा कोरायला किती दिवस लागले असतील?" खडी फोडलेल्या बाईचा तो प्रश्न होता. आम्हाला इतक्या फेऱ्यांत तो कधी पडला नव्हता.

तिथून पाचवे लेणे. सुमारे ११७ फूट खोल दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि मधोमध जमिनीलगत शेवटपर्यंत गेलेले दोन लांबलचक दगडी कट्टे. पलीकडच्या टोकाला गाभाऱ्यात बुद्ध. भिक्खू या कट्ट्यांशी रांगेने बसून भोजन करीत किंवा पाठांतर करीत, असे जाणकार मानतात. मुलांनी खांब मोजले. चोवीस भरले.

एवढ्यात नातीने मोबाईलमध्ये वाचून विचारले, "आजी, ह्या लेण्याला महारवाडा का म्हणतात?"

आम्ही घुटमळलो. आजूबाजूला इतर पर्यटक होते. आई मात्र सरळ बोलली. "आपलीच माणसं ग. पावसाळ्यात इथं आसऱ्याला राहायची, म्हणून नाव पडलं. त्यात लाजायचं काय? ज्यांना गावात जागा नव्हती, त्यांना इथं मिळाली."

मग तिने वाकून कट्ट्यावर हात फिरवला. यंत्राने नाकारलेली तीच बोटे छिन्नीच्या खुणांवरून सावकाश गेली. "सगळा एका उंचीचा आहे," ती म्हणाली. "वर बसणारा कोणी नाही, खाली बसणारा कोणी नाही."

आत खायला मनाई. बाहेर येऊन एका झाडाखाली चादर अंथरली आणि ते नकाशे सोडले. जन्मात पहिल्यांदा आई त्या डब्यातून वेरूळला जेवली. दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरीतली अर्धी मागून घेतली.

रात्री स्टेशनवर गाडी सुटताना ती खिडकीशी बसली होती. घराविषयी काही बोलली नाही. म्हणाली, "पुढच्या खेपेला अजिंठा."

वाचकहो, वेरूळ मंगळवारी बंद असते. सकाळी लवकर पोहोचावे आणि आधी बौद्ध लेण्यांकडे वळावे. चालणे बरेच आहे, म्हणून वडीलधाऱ्यांसाठी काठी आणि पाणी सोबत असू द्यावे. आणि निघण्यापूर्वी घरात एकदा पाहून घ्यावे, आपला डबा कोण भरते आहे. गाडीत पहिली जागा त्या माणसाची.