वहिनींच्या कोंबड्या

गाईला पूज्यता आहे, कुत्र्याला इमानाचा लौकिक आहे. कोंबडीच्या वांट्याला मात्र केवळ उपयुक्तता आली आहे. आणि उपयोगी प्राण्याची प्रकृति कशी आहे, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. अंडें मिळेनासें झालें म्हणजेच तिची आठवण होते.

आमच्या थोरल्या वहिनी याला अपवाद आहेत. दादा गेल्यापासून त्या रत्नागिरी जिल्ह्यांतल्या आमच्या जुन्या घरीं एकट्याच राहतात. मीं पाठविलेले पैसे त्या पोस्टांत माझ्याच मुलीच्या नांवावर टाकतात आणि स्वतःचा वरखर्च २० गांवठी कोंबड्यांच्या अंड्यांवर भागवितात. त्यांचें स्वातंत्र्य परसांत दाणे टिपीत हिंडतें, असें म्हटलें तरी चालेल. म्हणूनच २०२३ च्या श्रावणांत कोंबड्या भरपूर खाऊनहि वाळूं लागल्या, तुरे फिके पडले आणि अंडीं निम्म्यावर आलीं, तेव्हां वहिनींचा चेहराहि उतरला.

"भावोजी, पोराबाळांना देत होतें तसें वावडिंग यांनाहि चारलें. गुण नाहीं," त्या म्हणाल्या.

पशुवैद्यांनीं विष्ठा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली आणि आम्हांला गोल जंतांचीं अंडीं दाखविलीं. मग त्यांनीं जें सांगितलें तें ऐकून मी विचारांत पडलों. जंताचें अंडें विष्ठेबरोबर बाहेर पडतें. उबदार, ओल्या मातींत सुमारें २ आठवड्यांत तें बाधण्याजोगें होतें. आणि तीच माती उकरून कोंबडी तें पुन्हां टिपते. कांहीं जातींचे जंत गांडुळांच्या पोटांतूनहि येतात. पट्टकृमि तर मुंग्या व भुंगेरे यांच्यामार्फत शिरतो. म्हणजे ज्या मातीनें कोंबडीला मोकळीक दिली, तीच तिला दुखणें देते. तारेच्या पिंजऱ्यांत जन्म काढणारी कोंबडी यांतून बहुधा सुटते!

"मग कांहीं दिवस कोंडून ठेवूं या का?" मीं सुचविलें.

"कोंडलेली कोंबडी मला नको," वहिनी पशुवैद्यांकडे वळून म्हणाल्या, "औषध सांगा."

औषध पिपराझिनचें होतें. तें जंताला लुळा करतें आणि आंतडें आपल्या गतीनें त्याला बाहेर लोटतें. कोवळ्या जंतांवर त्याची मात्रा फारशी चालत नाहीं, म्हणून ३-४ आठवड्यांनीं तें पुन्हां द्यावें लागतें. पण खरी अडचण निराळीच होती. श्रावणांत परसभर डबकीं साचलेलीं. भांड्यांतलें पाणी कोण पिणार? वहिनींनीं रात्रीं खुराड्यांतलें पाणी काढून घेतलें आणि सकाळीं औषधाचें पाणी संपेपर्यंत दार उघडलें नाहीं. आंतला कोलाहल ऐकून शेजारींपाजारीं काय झालें म्हणून विचारणा झाली.

पशुवैद्यांनीं घालून दिलेली मुदत संपेपर्यंत अंडीं खाण्यास मनाई होती. एक शेजारीण पैसे घेऊन दारांत आली. "औषधाचीं आहेत, विकायचीं नाहींत," एवढेंच बोलून वहिनींनीं तीं माडाच्या बुंध्याशीं पुरलीं. त्या दिवसांतला वरखर्च कसा भागला, हें मीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तरी उत्तर मिळालें नसतें.

दसऱ्यापर्यंत तुरे पुन्हां लाल झाले. मीं समाधानानें म्हटलें, "सुटलांत एकदाच्या!"

"कुठलें हो! मातींतलीं अंडीं महिनेच्या महिने टिकतात म्हणे. आतां खुराडें कोरडें ठेवायचें, दाणे भुईवर टाकायचे नाहींत, पिलें निराळीं ठेवायचीं. आणि पावसापूर्वीं विष्ठा पुन्हां दाखवून आणायची."

आपणां शिकलेल्या माणसांना संकटाचा एकदांच काय तो निकाल लागलेला हवा असतो. मोकळीक हवी तर तिच्याबरोबर येणारी झाडलोटहि रोजची, हें वहिनींनीं कुरकुर न करतां पत्करलें होतें.

शहरांत परततांना मीं २ डझन अंडीं मागितलीं. वहिनींनीं तीं भुशांत नीट बांधून दिलीं आणि बाजारभावानें पैसे मोजून घेतले. आजवर मीं कोणालाहि इतक्या आनंदानें पैसे दिले नसतील.