आत्याच्या मनगटावरचा गुलाब

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरली की मुरबाड-शहापूरचे शेतकरी बैलबाजारात शिरायचे, बाया घोंगड्या-बांगड्यांकडं वळायच्या. आमची विधवा आत्या मात्र अत्तरवाल्यापाशी घुटमळायची. विकत काय घ्यायची नाय. नमुना म्हणून मनगटावर गुलाबाची काडी फिरवून घ्यायची. विधवेनं वासाचं काही लावायचं नाय, असा घरचा दंडक.

आधी गुलाब उग्र यायचा. मग उन्हानं अंग तापलं की हलके वास उडून जायचे, फूल मऊ पडायचं. बैलगाडी शहापूरकडच्या आमच्या गावात पोचेस्तोवर खालचं चंदन तेवढं उरायचं. (चंदन असल्याचं अत्तरवाला सांगायचा, खरं-खोटं तोच जाणे.) तोंडाला लावायच्या पावडरीसारखा मऊसूत वास. चुलीच्या धुरात तो कुणाला कळायचा नाय. मला कळायचा, तिच्या हातावर डोकं ठेवून झोपताना. त्यात तिचा घाम असायचा, भाताच्या तुसाचा वास असायचा. बाटलीतल्या गुलाबाला ते कुठलं!

एकदा आजीनं विचारलंच, "कसला गं वास येतो?"

"पोराला पावडर लावलीय," आत्या म्हणाली.

मी डोळे मिटून पडून राहिलो.