यंत्राचं मुखत्यारपत्र

समोर उभ्या असलेल्या माणसाला ‘तुम्ही तेच कशावरून?’ असं विचारण्याचा पगार घेणारे या जगात दोघेच. एक पोलीस आणि दुसरा बँकेचा कारकून. पोलिसाच्या हातात निदान दंडुका तरी असतो. आमच्याकडे नुसता सहीचा नमुना. सही जुळत नाही म्हणून मी सख्ख्या सासऱ्यांचा चेक परत केला आहे, आणि त्या दिवाळीला आमच्या ताटात नुसता चिवडा आला. तेव्हा ओळख पटवणे या विषयावर बोलण्याचा अधिकार मी चिवडा खाऊन मिळवलेला आहे.

ही ओळख पटवण्याची हौस तशी जुनी. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराचा अख्खा पंजा शाई लावून करारावर उमटवून घेतला. पुढे ‘ही सही माझी नव्हे’ म्हणायची सोयच नको! पुढे पंजाचा अंगठा झाला, आणि मग आकड्यांचं राज्य आलं. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना कार्डावर न छापलेली आणखी एक खूण सक्तीची केली, आणि बघता बघता घरोघर ओटीपी नावाचा पाहुणा येऊ लागला. सहा आकड्यांचा. येतो, दहा मिनिटं बसतो आणि आपणहून जातो. सर्वच पाहुण्यांनी त्याचा आदर्श ठेवावा, असं आमच्या सौ.चं मत आहे. रोख माझ्या बहिणीकडे असतो, हे सांगायला नकोच.

तर आमचा पुतण्या हिंजवडीला कॉम्प्युटरात आहे. रोज पिरंगुटहून घोटावडे फाट्याने, माणमार्गे जातो. मागच्या रविवारी तो लॅपटॉप काखेत मारून आला.

“काका, एजंटसाठी एक टूल केलंय. त्याचं डॉक्युमेंटेशन लिहायचंय. तुम्ही सर्क्युलरं वाचून वाचून पिकलेले, जरा नजर टाका.”

एजंट म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे पिग्मीचा एजंट येतो. पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ साली ही पिग्मी योजना काढली. २०२० साली ती बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. पण दुकानादुकानांतून रोजचे पैसे गोळा करणारा एजंट आमच्या पतसंस्थांतून अजून हिंडतोच आहे.

पुतण्याचा एजंट मात्र यंत्र निघाला. ‘बिल उतरवून घे’ असं एआयला सांगायचं. तो आपणच वेबसाइट उघडतो, बटणं दाबतो आणि नेमका दारात अडतो. वेबसाइट म्हणते, ‘तुमच्या ईमेलवर कोड पाठवला आहे, तो भरा.’ ‘साहेब जेवायला गेलेत’ हे ऐकून गिऱ्हाईक जसं उभं राहतं, तसं ते यंत्र उभं. पुतण्याचं टूल ईमेलच्या पेटीत शिरतं, कोड हुडकतं आणि एजंटच्या हातावर ठेवतं.

“म्हणजे आम्ही भिंतीवर लिहायचं ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’, आणि तू तो सांगायचं यंत्र काढायचं?”

“कुणालाही नाही हो काका, आपल्याच एजंटला!”

‘आपलाच’ या शब्दाची बँकेच्या माणसाला भारी धास्ती. मी तांबडं पेन उघडलं.

“पेटी कुणाची? घरची नको. त्याच पेटीत पासवर्ड बदलायच्या लिंकाही येतात. ती दिलीस म्हणजे किल्ल्यांचा जुडगाच दिलास. एजंटला वेगळी पेटी. कोड कुठला? मागणीनंतर आलेला, ओळखीच्या पत्त्यावरून आलेला आणि सर्वांत शेवटचा. आणि दार ठोठावायचं किती वेळा? सहा आकड्यांचे कोड होतात दहा लाख. पाच प्रयत्न म्हणजे दोन लाखांत एक संधी. प्रयत्न बेसुमार दिले तर कुलपाला अर्थ काय? आणि जिथे यंत्रांना मज्जाव आहे, तिथे पाऊल टाकायचं नाही.”

एक मुद्दा त्यानेच सांगितला. ही यंत्रं इतकी आज्ञाधारक, की आलेल्या पत्रातल्या मजकुरालाच कधी कधी मालकाचा हुकूम समजतात. म्हणून टूलने एजंटला पत्र दाखवायचंच नाही, फक्त आकडे द्यायचे. कोड कधी मागितला याची नोंद ठेवायची, पण कोड नोंदीत लिहायचा नाही. मला पोराचा अभिमान वाटला.

पण माझं मन अडकलं होतं दुसरीकडेच. आमच्या शाखेत एक आजी येतात. फोन पिशवीत, चष्मा घरी. मेसेज आला की शेजारी उभा असेल त्याच्यापुढे फोन धरतात, “बाळा, काय नंबर आलाय बघ की जरा.” भिंतीवरची आमची पाटी त्यांच्या मागेच असते. त्यांना पाटी नको, माणूस हवा; आणि तो मिळतो तो रांगेतला कोणीही. उद्या असा एखादा एजंट त्यांच्या कामाला आला, तर मी नको कशाला म्हणू?

कोड एवढंच सांगतो, की पेटी किंवा फोन कुणाच्या तरी हातात आहे. कुणाच्या, आणि कुणाच्या संमतीने, हे तो सांगत नाही. ते मुखत्यारपत्र सांगतं. बँकेत दुसऱ्याला खातं चालवायला देताना आम्ही लिहून घेतो: कोण, कुठलं खातं, कोणते व्यवहार, आणि हा अधिकार काढून घ्यायचा कसा.

“हेच पहिल्या पानावर घाल,” मी म्हणालो. “कुणाच्या वतीने, कशासाठी, कधीपर्यंत, आणि बंद करायचं बटण कुठे. पैशाचं काम असेल तर थांबून मालकाला विचारायचं.”

“पण काका, हे टेक्निकल नाहीये.”

“म्हणूनच पहिल्या पानावर.”

चार ओळींचा मसुदा संध्याकाळपर्यंत अकरा पानांचा झाला. सौ.ने तिसऱ्यांदा चहा ठेवला. पुतण्याने डोकं धरलं.

“काका, एवढं वाचणार कोण?”

“माणसं नाही वाचणार रे. तुझा एजंट वाचेल. सर्क्युलर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा कर्मचारी मला नोकरीत पहिल्यांदाच भेटतोय!”