मुलाखतीचे बूट

पुतण्याला नागपूरहून मुलाखतीचं बोलावणं आलंय. शर्ट-पँट इस्त्री होऊन तयार; घोडं अडलंय ते बुटांवर. आमच्या खाप्यात पायात काय घालायचं ते काम ठरवतं. हातमागाच्या पावड्यांवर विणकराचा पाय अनवाणीच चालतो. जवळच्या गुमगावच्या मँगनीज खाणीत उतरणाऱ्याला मात्र जाडजूड, कडक टोकाचे बूट चढवावेच लागतात. मग खुर्ची-टेबलाच्या नोकरीला काय? माझं मत, लेसचे साधे काळे बूट. चकचकीत, टोकदार नकोत.

खरेदी संध्याकाळी करावी. दिवसभरात पाय थोडे फुगतात. सकाळी बसलेला जोड संध्याकाळी चावतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. मोजे पँटच्या रंगाचे, पट्टा बुटाच्या. आणि आठेक दिवस घरात घालून जोड आधी मऊ करावा. सावनेरवरून एसटीनं जाताना धूळ बसणारच, तेव्हा पिशवीत एक फडकं असू द्यावं.

महागडेच हवेत असं नाही. समोरचे साहेब बूट बघतीलच असंही नाही. पण टाच सोलली की माणूस खुर्चीत चुळबुळतो, अन् ते सगळ्यांना दिसतं.