वीस मिनिटांचा कलाकार

पाहुण्याने काचेआडच्या वस्तू बघत फिरू नये, माती हातात घ्यावी, भिंत रंगवावी, स्वतःच कलाकार व्हावे, अशा संग्रहालयांचे हल्ली भारी कौतुक चालते. गोव्यात असे काही उभारायचे तर ते पेडणे नाहीतर डिचोलीत, या मताचा मी आहे. तरीही ही कल्पना ज्या थाटात मांडली जाते तो थाट मला खटकतो. पाहुणा वीस मिनिटांत कलाकार ठरतो, आणि त्याचे मडके चाकावर सावरून देणारा कुंभार जन्मभर ‘प्रात्यक्षिक दाखवणारा’च राहतो. फोटोत त्याचे येतात ते फक्त कोपरापर्यंतचे हात.

यायोई कुसामा या जपानी चित्रकर्तीने 2002 साली ब्रिस्बेनच्या कलादालनात पांढऱ्याफेक सामानाची पांढरी खोली मांडली आणि मुलांना रंगीत ठिपके चिकटवायला दिले. ठिपके मुलांचे, नाव कुसामाबाईंचे. त्यात गैर काही नाही. कल्पना त्यांचीच होती. पेडण्या-डिचोलीत मात्र कल्पना गावाची आहे. हे तालुके पोर्तुगीजांकडे आले 1780च्या दशकात, देवळे पाडण्याचा काळ सरल्यावर, म्हणून जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी घेतलेल्या तालुक्यांत, जे गेले ते इथे बरेच टिकले. बाणावलीचे ‘गोवा चित्र’ (2009) आणि पिळर्णचे ‘म्युझियम ऑफ गोवा’ (2015) ही दोन्ही नावाजलेली संग्रहालये मात्र साष्टी-बार्देशात, म्हणजे जुन्या काबिजादीतच आहेत. आता मोपाच्या विमानतळामुळे पाहुणा उतरतोच पेडण्यात, आणि थेट किनारा गाठतो.

त्याला थांबवायचे तर देवळांच्या भिंतींवरच्या काव कलेपाशी थांबवावे. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर द्यायचा, आणि तो सुकण्याआधी टोकदार सळईने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. मग गुळगुळीत दगडाने घोटायचे. इथे खोडरबर चालत नाही. चुकलेली रेघ भिंतीत मुरते. जीर्णोद्धाराच्या हौसेत कित्येक देवळांनी या भिंतींवर ऑइलपेंट फासला, टाइल्स चढवल्या, कारण गिलावा घोटणारे हात उरले नाहीत. ही कला भिंतीवरून उचलून काचेत ठेवता येत नाही. ती जगायची तर कुणीतरी नवी भिंत खरवडली पाहिजे, आणि म्हणूनच पाहुण्याच्या हाती सळई देण्यात मला अर्थ दिसतो. कुणी म्हणेल, नवशिके भिंत बिघडवतील. बिघडवू देत. वाईट काय ते जाणत्याने सांगावे, भिंत पुन्हा लिंपायची की नाही ते त्याने ठरवावे, आणि भिंतीवर पहिले नाव त्याचे असावे. ‘कलाकारांना रोजगार मिळतो की’ हे उत्तर मला पुरत नाही. रोजगार खाणींनीही दिला होता.

आता माझ्याच म्हणण्याला माटोळी आडवी येते. चतुर्थीला गणपतीवर टांगलेल्या या लाकडी चौकटीत कवंडळे, घागऱ्या, आंबाडे अशी रानफळे, सुपारीचे घड बांधताना घरातले शेंबडे पोरही हात लावते. तिथे कोणी कोणाला कलाकार म्हणत नाही आणि कुणाचे अडतही नाही. विसर्जनानंतर सगळे उतरते. अशा गावाला सहभाग शिकवायला संग्रहालय कशाला, असे विचारले तर मी निरुत्तर होतो. पण कला व संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत बक्षीस मिळते ते माणसाच्या नावाने, आणि ते नाव गावाला खुपत नाही. म्हणजे नाव लावले की सामुदायिक कला बाटते, हा आक्षेप निकालात निघाला. उरतो तो पैशाचा आणि पदाचा सवाल. चतुर्थीच्या तोंडावर बाजारात माटोळीचे सामान घेऊन बसणाऱ्या बायकांना कुठले फळ कुठल्या डोंगरात, कुठल्या पंधरवड्यात मिळते ते तोंडपाठ असते. त्यांना कुठल्या पदावर, किती पगारावर घेणार, ते संग्रहालयाच्या आराखड्यात इमारतीच्या नकाशाआधी लिहा.