तार, पाय, नाव

तार गेली. डिसेंबर १९७१ मध्ये पोस्टमनने ती सायकलवरून आणली. मजकूर इंग्रजी होता. शाळेतल्या गुरुजींनी वाचून दाखवेपर्यंत घरात चूल पेटली नाही. लढाईवर गेलेला तो जखमी होता, जिवंत होता. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

पूर्व पाकिस्तान गेला. १० डिसेंबरच्या रात्री जमालपूरच्या दक्षिणेला पहिली मराठा बटालियन रस्ता अडवून बसली होती. वेढा फोडायला शत्रू त्याच रस्त्याने आला. पहाटेपर्यंत गोळीबार चालला. त्यात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. जमालपूर आता बांगलादेशात आहे.

घरून आलेली निळी आंतर्देशीय पत्रे गेली. त्यांवर ९९ एपीओ हा पत्ता होता. ती पिट्ठूत होती. पिट्ठू नदीपलीकडे राहिला.

वॉर्डातला ट्रान्झिस्टर गेला. १६ डिसेंबरला ढाक्यातल्या शरणागतीची बातमी त्यावर आली. शेजारच्या खाटेवरचा जवान ती ऐकायला नव्हता. खाट आदल्या रात्री रिकामी झाली होती.

लाकडी पाय गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात मापे घेऊन तो बनवला होता. चामड्याचे पट्टे, लोखंडी बिजागऱ्या. चालताना बिजागऱ्या करकरत. तो परसातून येतोय, हे घरात त्यावरून कळे. आताचा पाय हलका आहे. त्याचा आवाज होत नाही.

बैलजोडी गेली. लाकडी पाय ओल्या रानात रुतायचा. काही वर्षे नांगर धाकट्या भावाने धरला. मग रान वाट्याने दिले. गोठ्यात आता मोटारसायकल असते.

पेन्शनची रांग गेली. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आसपासच्या गावांतले माजी सैनिक बँकेत जमत. बाहेर चहा होई. वर्षभरात कोण गेले, ते तिथे कळे. आता नातू मोबाइल चेहऱ्यासमोर धरतो. दाखला घरातूनच जातो.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ सैनिक पहिल्या महायुद्धात पडले. त्यांचे स्मारक गावात आहे. जखमी होऊन परतलेल्यांची गणती अशा दगडांवर नसते.

नाव गेले. त्या रात्री एकाने त्याला खांद्यावर घालून मागे आणले होते. तो माणूस पुन्हा भेटला नाही. त्याचे नाव, गाव, तालुका घरातल्या पोरांनाही पाठ झाला होता. ती पोरे आता मुंबईत आहेत. गेल्या पावसाळ्यापासून त्याला नाव आठवत नाही. थंडी आठवते, भाताची कापलेली खाचरे आठवतात.

भरतीआधी तो पहाटे ओढ्याच्या काठाने धावत असे. आई गेली, भाऊ गेला, तीन वर्षांपूर्वी बायको गेली. त्याला धावताना पाहिलेले गावात आता कोणी नाही.